बोहारणीची आरोळी

“…पण बाई, जे दिसतच नाही, ते आहे असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?”

खिडकीपाशी बसून बाई कापसाचे बोळे वळत होत्या. हात थरथरत होता, तरी बोळा गोल होत होता.

“कोणाला दिसत नाही?” त्यांनी विचारलं.

“मला. मशीनला.” शर्वरी म्हणाली. “दोन्ही बाजू बघितल्या. जांघेत काही नाही. स्वच्छ आहे.”

“आणि तिला दुखतं ते?”

“ते तिचं तिला माहीत.”

बाईंनी मान हलवली.

“हो,” त्या म्हणाल्या. “तिलाच माहीत.”

आणि पुन्हा बोळे वळू लागल्या.

हा दवाखाना एका जुन्या मठाच्या आवारात होता. पूर्वी जिथे मठाच्या गाई बांधत, तिथे आता सोनोग्राफीची खोली होती. डॉक्टर वत्सला कर्डिले यांनी त्या खोलीत उभा जन्म काढला. पंचक्रोशीतले लोक त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. पुढे हाताला कंप सुटला. तेव्हा बाईंनी आपणहून मशीनपुढची खुर्ची सोडली आणि शहरात निरोप धाडला, की कोणी शिकलेलं असेल तर पाठवा.

शर्वरी निंबाळकर आली. पदकं मिळवलेली पोर. पहिल्याच दिवशी तिने बाईंचा तो थरथरता हात पाहिला आणि मनात म्हणाली, आता इथे शिकण्यासारखं काय उरलंय?

मनाने ती वाईट नव्हती. हुशार माणसाला घाई असते, इतकंच.

आज शहराकडून सर्जन आले होते. डॉक्टर सुर्वे. भला माणूस, पण फार जपून काम करणारा. त्यांच्यापुढे सकाळी हौसा नावाची एक बोहारीण आली होती. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचं, लोकांचे जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडी द्यायची, हा तिचा धंदा. उजव्या जांघेत कळ येते म्हणाली. सुर्व्यांनी तिला निजवून हाताने चाचपलं. हाताला काही लागलं नाही.

“हर्निया असेलही,” ते म्हणाले होते. “पण नुसतं दुखतंय म्हणून मी सुरी लावत नाही. सोनोग्राफी करून या. चित्रात दिसू दे, मग बोलू.”

म्हणून ती इथे आली होती. टेबलावर आडवी झाली होती. शर्वरीने तिच्या जांघेवर गार जेल लावलं होतं, “हलू नका, गप्प पडा,” म्हणाली होती, आणि मशीनचा हातात धरायचा प्रोब घट्ट दाबून इकडून तिकडे फिरवला होता. घट्ट दाबलं की चित्र स्पष्ट उमटतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चित्र स्पष्ट उमटलं. त्यात काही नव्हतं.

“काही नाही,” शर्वरीने सांगितलं होतं. “काळजी करू नका.”

हौसाने टॉवेलने अंग पुसलं, लुगडं नीट केलं आणि बाहेर गेली.

आता बाहेरच्या बाकावरून तिच्या सासूचा आवाज आत येत होता. म्हातारीचं नाव ठकूबाई. आवाज भांड्यावर भांडं आपटावं तसा.

“काय म्हनली डाक्तरीन?”

“…काय न्हाई म्हनली.”

“मंग? म्या काय सांगत व्हते? ही तिसरी डाक्तरीन. तिघं काय येडे हायेत व्हय? श्यानी तेवढी तूच!”

“आत्याबाई, दुखतंय वो…”

“दुखतंय म्हनं! पाटी उचलाया नको, म्हनून दुखतंय. आता येत्या अवसंला देवऋष्याकडं न्हेते. त्यो लिंबाच्या फोकानं बराबर काढंल तुझं दुखनं.”

मग हौसाचा आवाज आला नाही.

बाईंनी कापसाची टोपली बाजूला ठेवली. खुर्चीच्या हाताला धरून उठल्या.

“कुठे निघालात?” शर्वरीने विचारलं.

“बाहेर कोणी भांडी विकायला आलंय वाटतं.”

शर्वरीला हसू आलं. म्हातारपण, दुसरं काय. पण तीही मागोमाग गेली.

बाई बाकावर हौसाच्या शेजारी बसल्या. हौसा उठायला लागली, तर बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“कुठली गं तू?”

“नदीपल्याडची.”

“मग आमच्या गल्लीत येतेस की नाही?”

“येते की. आठवड्याला येते.”

“खोटं बोलतेस. मी दारातच बसलेली असते. मला कधी ऐकू आली नाहीस.”

हौसा खाली बघू लागली.

“सांग की आता,” ठकूबाई मध्येच बोलली. “सांग बाईस्नी. वरडत न्हाई ही. मुकी बोहारीन! सारा गाव हिंडती आन त्वांडातनं बोल काढत न्हाई. लोकांस्नी काय सपान पडनार हाय, बोहारीन आली म्हनून? जशी भरल्या पाटीनं जाती, तशी भरल्या पाटीनं परत येती.”

“का गं?” बाईंनी हळूच विचारलं. “का ओरडत नाहीस?”

…

“आरोळी ठोकली की कळ येती,” हौसा म्हणाली. “हितं, आतल्या अंगाला. कुनीतरी चिमटा घेऊन पिळावं तशी. डोळ्याम्होरं अंधारी येती. मंग म्या मूठ दाबून धरते हितं. दाबलं की वाईच बरं वाटतं.”

“आडवी पडल्यावर?”

“आडवं पडलं की कायबी न्हाई. म्हनून तर कुनाला पटत न्हाई.”

बाईंनी शर्वरीकडे पाहिलं नाही. शर्वरीला मात्र उगाचच वाटलं, की पाहिलं.

“चल आत,” बाई हौसाला म्हणाल्या. “मला एक साडी द्यायची आहे.”

“हितं? दवाखान्यात?”

“का? दवाखान्यातली माणसं जेवत नाहीत? त्यांना पातेली लागत नाहीत?”

हौसा पहिल्यांदा हसली. तिची नजर सवयीने बाईंच्या पदरावर गेली. तिने तो दोन बोटांत धरून पाहिला आणि जीभ चावली.

“रागावू नका बाई, पर ही तर काठाला विरलीय. हिच्यावर च्याचं गाळनंबी न्हाई यायचं.”

“मेले! नेसलेल्या साडीवर भाव करतेस?” बाई म्हणाल्या, आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या.

शर्वरीने टेबलावरचा कागद बदलला.

“झोपा,” ती हौसाला म्हणाली.

“नको,” बाई म्हणाल्या. “उभी राहू दे.”

“बाई, उभ्याने…”

“पाटी काय ती झोपून विकते?”

शर्वरीचे कान तापले. उभं करून बघायचं असतं हे पुस्तकात तिने वाचलेलं होतं. पाठही होतं. पण सकाळपासून रांग होती, आणि आडवं निजवून बघितलं की काम झटपट होतं. ती स्टूल ओढून हौसासमोर बसली. जेल लावलं. प्रोब टेकवला. आणि आता तरी चूक राहू नये, म्हणून आधीपेक्षाही घट्ट दाबला.

“खोका बरं.”

हौसा खोकली. चित्र जरा हललं. जांघेतली मोठी शीर दिसली, तिच्या आतल्या अंगाची जागा दिसली. तिथे काही नव्हतं.

“पुन्हा.”

हौसा पुन्हा खोकली.

“बघा बाई,” शर्वरी म्हणाली. तिच्या आवाजात थोडी धार आली होती. “उभ्यानेही काही नाही.”

खोलीत मशीनची बारीक घरघर तेवढी चालू होती.

बाई पुढे आल्या. त्यांनी आपला थरथरता हात शर्वरीच्या हातावर ठेवला. शर्वरीला वाटलं, आता या हात धरून जागा दाखवतील. पण बाईंनी हात कुठेच नेला नाही. नुसता वर उचलला. जरासा.

“बाई, चित्र जाईल.”

“जाऊ दे.”

“अहो, दाबल्याशिवाय स्पष्ट…”

“पोरी,” बाई म्हणाल्या, “तू दार दाबून धरलंयस, आणि आत कोण आहे म्हणून विचारतेस.”

शर्वरी थबकली.

प्रोब आता जेलवर नुसता टेकला होता. चित्र धुरकट झालं. कडा विरल्या. इतकं वाईट चित्र तिने शिकताना पहिल्या वर्षीसुद्धा काढलं नव्हतं.

“आणखी हलका.”

“आता याच्यापेक्षा हलका म्हणजे…”

“झोपलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवतात तसा.”

शर्वरीने श्वास सोडला. हात सैल केला.

बाई हौसाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. तिचा हात हातात घेतला.

“हं. आता गल्लीत आलीस असं समज. मी घरात आहे. दार लोटलेलं आहे. मला जरा कमी ऐकू येतं. ठोक आरोळी.”

“भायेर ‘शांतता राखा’ लिवलंय बाई.”

“तुला वाचता येतं?”

“न्हाई. आत्ताच कुनीतरी आत्याबाईंवर वरडलं, तवा कळलं.”

“मग तुला वाचता येत नाही, आणि मला ऐकू येत नाही. ठोक.”

हौसाने डोळे मिटले. तिची मूठ आपोआप जांघेकडे निघाली. बाईंनी तो हातही धरला.

“दाबू नकोस. येऊ दे.”

…

“भांऽऽडी घ्या भांडी… जुन्या कापडावर भांऽऽडी…”

काय आवाज होता तो. खिडकीची तावदानं थरथरली. बाहेर कोणाच्या तरी हातून काठी पडली. किती दिवस कोंडलेला असेल कोण जाणे, एकदम सुटला आणि मठाच्या शिखरापर्यंत गेला.

आणि त्या धुरकट चित्रात शर्वरीला दिसलं.

शिरेच्या आतल्या अंगाला, एवढ्याशा फटीतून, काहीतरी गोलसर हळूच खाली उतरलं. उंदराने बिळातून तोंड काढावं तसं. आरोळी लांबली तसं ते आणखी खाली आलं, फुगलं. मग आरोळी मध्येच तुटली.

हौसा वाकली. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

“आई गं…”

बाईंनी आणि शर्वरीने मिळून तिला टेबलावर निजवलं. गुडघे दुमडून उशी दिली. बाई तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. शर्वरी प्रोब पुन्हा हलकेच टेकवून पडद्याकडे बघत होती. ते गोलसर काही आत जात नव्हतं. फटीच्या तोंडाशी अडून बसलं होतं. ही जागा फार अरुंद. आतडं इथे एकदा आवळलं गेलं की मरण दिवस उजाडायची वाट बघत नाही, हे तिला माहीत होतं. आणि हिला ती मघाशी काळजी करू नका म्हणाली होती.

बरीच वाट पाहिल्यावर ते हळूहळू मागे सरकलं. मग फटही मिटली. जशी काही नव्हतीच.

“दिसलं का वो ताई?” हौसाने विचारलं.

शर्वरीने पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

“दिसलं.”

“खरंच हाय?”

“खरंच आहे.”

हौसाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं, ते तिने पुसलं नाही.

“काय झालंय मला?”

शर्वरी शब्द शोधू लागली. तिच्याजवळ शब्द पुष्कळ होते, पण सगळे परीक्षेत लिहायचे.

“पोटाचं कापड तिथे विरलंय तुझ्या,” बाईंनी सांगितलं. “जोर केलास की आतलं बाहेर डोकावतं.”

“मंग ठिगळ लावता येतं का?”

“येतं. सर्जन लावतात.”

दार ढकलून ठकूबाई आत आली. पदर खांद्यावरून घसरलेला, धाप लागलेली.

“कोन वरडलं? हिचा आवाज व्हता ना? ही वरडली?”

म्हातारीने सुनेचा चेहरा पाहिला. मग मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे करड्या रेघा होत्या, त्यातलं तिला काय कळणार? तरी ती बघत उभी राहिली.

“खरं हाय व्हय गं?” तिने शेवटी विचारलं. आवाज खाली आला होता.

“व्हय आत्याबाई.”

“मंग आधी न्हाई का सांगायचं?”

“सांगत व्हते की.”

खोलीच्या कोपऱ्यात हौसाने सकाळीच ठेवलेली पाटी होती, म्हातारी तिच्याकडे गेली. पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वाकून पाटी उचलू लागली. कमरेत उसण भरल्यासारखी कण्हली, पण पाटी तिने उचलली.

“चल,” ती म्हणाली. “भायेर बस वाईच. म्या हाय.”

तेव्हा शर्वरीच्या लक्षात आलं.

तिचा हात मशीनच्या बटणांवर होता. चित्र धरून ठेवायचं एक बटण असतं. ते दाबलं, की दिसलेलं पडद्यावर थांबतं आणि साठवलं जातं. आरोळीच्या वेळी आणि नंतर ते अडून बसलं तेव्हाही, बटण दाबायचं ती साफ विसरली होती. तिने मागचं सगळं धुंडाळलं. हौसाला निजवून काढलेली चित्रं होती. स्वच्छ, स्पष्ट, नेटकी. त्यांत काही नव्हतं.

“काय झालं ताई?” हौसाने विचारलं.

“चित्र… धरायचं राहिलं माझ्याकडून.”

“मंग?”

“सर्जनना चित्र लागतं.”

हौसा कोपरावर जोर देऊन उठू लागली. तिचा चेहरा अजून पांढराफटक होता.

“मंग परत वरडते की. त्यात काय.”

शर्वरीने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत.

शर्वरीला ते फटीच्या तोंडाशी अडून बसलेलं गोलसर काही आठवलं. या वेळी मागे गेलं. पुढच्या वेळी गेलं नाही तर?

…एक बटण. फक्त एक आरोळी, आणि एक बटण. मग कोणी काही विचारणार नाही.

“नको,” ती म्हणाली. “आता ओरडू नका. खोकला आला तरी सांभाळून. पाटी तर मुळीच उचलू नका.”

“पर त्या सायबाला…”

“त्यांना मी सांगते.”

सासू-सुना बाहेर गेल्या. म्हातारीच्या डोक्यावर पाटी, आणि तिच्या दंडाला धरून हौसा. डॉक्टर सुर्वे आत एका ऑपरेशनमध्ये होते. दोघी बाकावर बसून राहिल्या.

शर्वरीने रिपोर्ट लिहायला घेतला. उभं केल्यावर, आरोळी देताना, हात हलका ठेवला असता, असं लिहिलं. फट कुठे दिसली ते लिहिलं. चित्र जोडायची जागा कोरी राहिली. तिने खाली सही केली. मग ती कोरी जागा तिला फार मोठी वाटू लागली.

“बाई.”

“हं.”

“सुर्वेसर चित्र मागतील.”

“मागतील.”

“मी म्हणेन, मी डोळ्यांनी पाहिलं.”

“म्हण.”

“ते म्हणतील, दाखव. आणि दाखवायला माझ्यापाशी काही नाही. या कागदावर मी नुसतं लिहिलंय. त्यांनी मानलं नाही, तर ती अशीच घरी जाईल. एखाद्या दिवशी वाटेतच ते आवळलं जाईल. तुम्ही सांगाल त्यांना? तुमचं ते ऐकतील.”

“मी पाहिलं नाही.”

“तुम्ही तिथेच तर होतात!”

“मी तिचा हात धरला होता. पडदा तू पाहत होतीस.”

शर्वरीने दोन्ही हातांत कागद धरला. आता त्या खोलीत तिचाच हात जास्त थरथरत होता.

“बाई, खरं आहे ते. मी खोटं कशाला बोलेन? मला दिसलंय… पण माझ्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल?”

बाईंनी उठून दार उघडलं.

“हौसाही हेच म्हणत होती. बाकावर तिच्या शेजारी जागा आहे,” त्या म्हणाल्या. “जाऊन बस.”